अमेरिकेतल्या सीडी आणि वारसा : मृत्युपत्र, पीओडी की ट्रस्ट, नक्की कुणाचं चालतं?

ओंजळ
सीडी म्हणजे सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, आपल्या एफडीची अमेरिकन मावसबहीण. तिकडच्या बहुतेक मराठी घरांत दोन-चार तरी असतात. ठेवीदार गेल्यावर त्यांचं काय करायचं हे मात्र तुकड्या-तुकड्यांतच वाचायला मिळतं. म्हणून एक काल्पनिक उदाहरण मांडते, त्यावरच बोलूया.

न्यू जर्सीत राहणारे ७८ वर्षांचे गृहस्थ, अमेरिकन नागरिक. पत्नी आधीच गेलेली. मुलगी पुण्यात, भारतीय नागरिक. मुलगा टेक्सासात, तोच एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणारा. मृत्युपत्रात एकच ओळ : 'माझं सगळं दोन्ही मुलांना निम्मं-निम्मं.' सीडी चार.

अ) बँकेत, फक्त स्वतःच्या नावावर. ९०,००० डॉलर, मुदत संपायला आठ महिने, ऑटो-रिन्यूवर.
ब) बँकेत, 'पेएबल ऑन डेथ', म्हणजे पीओडी. मुलगा, मुलगी आणि भाचा. १,५०,००० डॉलर.
क) ब्रोकरेज खात्यात, लिव्हिंग ट्रस्टच्या, म्हणजे हयातीतच केलेल्या ट्रस्टच्या, नावावर. २,००,००० डॉलर, २०२१ मध्ये १.१ टक्क्याने घेतलेली, २०२८ ला संपणारी.
ड) आयआरएमधली, म्हणजे निवृत्ती खात्यातली सीडी. ६०,००० डॉलर, लाभार्थी म्हणून फक्त दिवंगत पत्नीचं नाव.

कुणाला काय मिळेल, कर किती आणि पहिलं काम कोणतं?

फिरकीवाला
शीर्षक वाचून वाटलं बाबांच्या नाट्यसंगीताच्या सीड्यांची वाटणी चाललीय. त्या मात्र कुणीच मागत नाही.

टेक्सासचा_तात्या
यात अवघड काय आहे? मृत्युपत्र सगळ्यात वर. पाच लाखांचे अडीच-अडीच लाख करायचे. भाच्याला मामाने फॉर्मवर घातलं असेल, पण मृत्युपत्रात त्याचं नाव नाही. संपला विषय.

हिशेबनीस
तात्या, विषय संपला नाही, इथेच सुरू होतो. मृत्युपत्र फक्त 'अ' ला लागू आहे. इतर तिन्हींना नाही.

सीडीच्या शीर्षकात, म्हणजे खातं कुणाच्या आणि कशा नावाने उघडलंय त्यात, तिचं पुढचं ठरलेलं असतं. एकट्याचं नाव असेल तर प्रोबेट, म्हणजे कोर्टाकडून मृत्युपत्र मान्य करून घेणं, आणि मग मृत्युपत्राप्रमाणे. संयुक्त, मागे राहणाऱ्याच्या हक्कासह असेल तर उरलेल्याची. पीओडी असेल तर फॉर्मवरच्यांची, मृत्युपत्र काहीही म्हणो. ट्रस्टच्या नावावर असेल तर ट्रस्टच्या दस्तात लिहिल्याप्रमाणे. आयआरए असेल तर लाभार्थी फॉर्मप्रमाणे.

म्हणून 'ब' चे तीन समान भाग होतील आणि भाच्याचे ५०,००० डॉलर भाच्याचेच. फॉर्मवर वेगळी टक्केवारी लिहिली असेल तर तीनात नाही, तसे भाग. पीओडीवरचं एखादं माणूस ठेवीदाराच्या आधी गेलं, तर त्याचा हिस्सा बहुतेक ठिकाणी उरलेल्या नावांत जातो, त्याच्या मुलांना मिळत नाही. फॉर्मवर तसा पर्याय असेल आणि खूण केली असेल तरच.

आपल्या लोकांची गफलत इथेच होते. पीओडी म्हणजे नॉमिनी असं मनाने धरून चालतात.

सदाशिवपेठी
हिशेबनीस यांना अनुमोदन. भारतात बँक ठेवीचा नॉमिनी पैसे हातात घेतो, पण मालक होत नाही. तो वारसांसाठी विश्वस्तासारखा असतो. बँकिंग रेग्युलेशन कायद्याचं ४५-झेडए कलम बँकेला पैसे देऊन मोकळं करतं, वारसा ठरवत नाही. राम चंदर तलवार प्रकरणात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. पीओडीत उलट. तिथे नाव असलेला माणूस मालकच.

त्यामुळे 'नॉमिनी म्हणून धाकट्याचं नाव टाकून ठेवलंय, तो वाटेल सगळ्यांना' ही पुण्यातली सवय न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये महागात पडते. धाकट्याने वाटलं तर ती त्याने दिलेली भेट. नाही वाटलं तर कोर्टात जाऊन फारसं काही हाती लागत नाही.

फिरकीवाला
धाकटे सगळे आज खूश.

ओंजळ
बरं, भाच्याचे ५०,००० त्याला पूर्ण मिळतात का? न्यू जर्सीत वारसा कर आहे ना?

एडिसन_स्टेशन
आहे. तिथे इस्टेट टॅक्स (मृताच्या मागे राहिलेल्या एकूण मालमत्तेवरचा) १ जानेवारी २०१८ पासून गेला, इनहेरिटन्स टॅक्स राहिला. तो नात्यावर अवलंबून असतो. जोडीदार, मुलं, नातवंडं, आईवडील हे वर्ग ए : कर शून्य. भावंडं, जावई, सून वर्ग सी : पहिले २५,००० माफ, त्यावर ११ टक्क्यांपासून सुरू. भाचे-पुतणे आणि मित्र वर्ग डी : पहिल्या ७ लाखांवर १५ टक्के, त्यापुढे १६. म्हणजे भाच्याला साधारण ७,५०० डॉलर कर. पीओडी केलं की प्रोबेट टळतं, हा कर टळत नाही.

'अ' साठी मुलांनी एल-८ नावाचं प्रतिज्ञापत्र भरून थेट बँकेत द्यायचं. ते कर खात्याकडे पाठवायचं नसतं. 'ब' मध्ये भाचा असल्याने त्याच्या हिश्शाला एल-८ चालत नाही. विवरणपत्र भरून रक्कम सोडायला कर खात्याचं संमतीपत्र आणावं लागतं, ज्याला तिथे वेव्हर म्हणतात. ते येईपर्यंत बँक निम्मी रक्कम सोडू शकते, उरलेली अडकते. विवरणपत्राची मुदत निधनापासून ८ महिने, नंतर व्याज लागतं. बँकेतल्या नव्या कर्मचाऱ्याला हा ५० टक्क्यांचा नियम माहीत नसेल तर तो सरळ 'सगळं गोठवलंय' म्हणतो. तेव्हा इस्टेट विभागाशी बोलायचं.

गुळपोळी
यात एक खाच राहिली. हा कर एरवी घेणाऱ्याच्या डोक्यावर असतो. पण कित्येक मृत्युपत्रांत वकिलाचा ठरीव परिच्छेद असतो : 'माझ्या मृत्यूमुळे लागणारे सर्व कर शिल्लक मालमत्तेतून भरावेत.' शब्द पीओडीलाही कवेत घेणारे असतील तर भाच्याचे ७,५०० 'अ' मधून जाणार, म्हणजे दोन मुलांच्या खिशातून. मृत्युपत्र वाचताना वाटणीच्या आधी कराचं कलम वाचा.

टेक्सासचा_तात्या
मान्य, शिकलो. पण मुलाकडे वडिलांची पॉवर ऑफ अॅटर्नी आणि ऑनलाइन पासवर्ड दोन्ही असतील तर? 'अ' मोडायची, पैसे चालू खात्यात, काम खलास. एवढे कागद कशाला?

हिशेबनीस
पॉवर ऑफ अॅटर्नी देणारा गेला त्या क्षणी ती संपते. पासवर्ड माहीत असला तरी अधिकार उरत नाही. त्यानंतर केलेला व्यवहार म्हणजे अधिकार नसताना इस्टेटीचे पैसे हलवणं. बहीण, धनको किंवा कर खातं, कुणीही बोट ठेवू शकतं. शिवाय तसं ऑनलाइन मोडलं तर बँक दंड कापते. मृत्यूच्या कारणाने मोडली तर बहुतेक बँका तो माफ करतात.

हा दंड नीट समजून घ्या. फेडरल नियम मालकाच्या मृत्यूनंतर बँकेला दंड माफ करू देतो, माफ करायलाच लावत नाही. करारात काय लिहिलंय ते पाहायचं. काही बँका चालू मुदतीपुरतीच माफी देतात. निधनानंतर सीडी आपोआप नव्या मुदतीसाठी रिन्यू झाली की माफी गेली. म्हणून ऑटो-रिन्यू थांबवणं तातडीचं. मुदत संपल्यावर सहसा ७ ते १० दिवसांची सवलत असते. ती हुकली तर सीडी पुढचे १२ किंवा १८ महिने अडकली.

मोडायचीच असंही नाही. २०२३ च्या शेवटी ५ टक्क्यांच्या वर मिळालेली सीडी असेल आणि इस्टेटीला रोख निकड नसेल, तर इस्टेटीच्या नावावर करून मुदतीपर्यंत ठेवता येते का ते विचारा. काही बँका हो म्हणतात, काही बंदच करायला लावतात.

रातराणी
'क' बद्दल कुणी बोललं नाही. ब्रोकरेजमधली सीडी वेगळा प्राणी आहे. ती मुदतीआधी मोडता येत नाही, फक्त बाजारात विकता येते. व्याजदर वर गेले की तिची किंमत खाली. १.१ टक्केवाली बाजारात शेकडा ९४ ला जात असेल तर विकल्यावर १२,००० डॉलरचा फटका.

पण अशा बहुतेक सीडींना 'सर्व्हायव्हर्स ऑप्शन' असतो. धारक वारला तर वारस ती दर्शनी किमतीला, म्हणजे १०० ला, देणाऱ्या बँकेला परत करू शकतात. व्यवहार ब्रोकरमार्फतच होतो. मृत्यूचा दाखला, अधिकाराचे कागद आणि विनंतीपत्र द्यायचं. चुका होतात त्या अशा :

- ट्रस्टच्या नावावर असेल तर ट्रस्ट करणाऱ्याचा मृत्यू 'धारकाचा मृत्यू' धरला जातो का, हे त्या सीडीच्या माहितीपत्रकात पाहायचं. सगळीकडे उत्तर सारखं नसतं.
- आधी सीडी वारसांच्या खात्यांत हलवली आणि मग विनंती केली, तर पर्याय गेलेला असू शकतो. आधी विनंती, मग हलवाहलव.
- किंमत १०० च्या वर असेल तर हा पर्याय वापरायचाच नाही. बाजारात विका नाहीतर ठेवा.

आणि कर. मृत्यूच्या दिवशीची बाजारकिंमत ही नवी खरेदी-किंमत धरतात. लोक याला स्टेप-अप म्हणतात, पण ती पायरी खालीही जाते. ९४ ची सीडी १०० ला परत केली तर वरचे ६ करपात्र नफा म्हणून दाखवावे लागतात. नुकसान तर टळलं, मग नफा कसला, असं वारसांना वाटतं. कर खात्याला तसं वाटत नाही.

कर्कोटक
त्याला जोडून : मृत्यूच्या दिवसापर्यंत साठलेल्या, पण न मिळालेल्या व्याजाला ही पायरी नाही. ते ज्याच्या हाती पडेल त्याचं उत्पन्न. बँकेकडून 'मृत्यूदिनाची शिल्लक' असं पत्र घ्या, मुद्दल आणि साठलेलं व्याज वेगळं दाखवणारं. मागितल्याशिवाय देत नाहीत.

बँक व्याज कर खात्याला कळवते त्या १०९९ फॉर्मचा घोळही इथलाच. बँकेला कळवलं नाही तर वर्षभराचं व्याज मृताच्या सोशल सिक्युरिटी नंबरवर येतं. मृत्यूपर्यंतचं व्याज शेवटच्या वैयक्तिक विवरणपत्रात, त्यानंतरचं इस्टेटीच्या विवरणपत्रात, म्हणजे फॉर्म १०४१ वर. इस्टेटीला स्वतःचा ईआयएन, म्हणजे कर क्रमांक, लागतो, तो एसएस-४ फॉर्मने मिळतो. लिव्हिंग ट्रस्टही मृत्यूनंतर बदलता न येणारा होतो, त्यालाही वेगळा ईआयएन. दोन १०४१ नको असतील तर फॉर्म ८८५५ भरून ट्रस्टला इस्टेटीबरोबर एकत्र धरता येतं. ती निवड पहिल्या १०४१ च्या मुदतीत करायची, नंतर नाही.

टेक्सासचा_तात्या
मग सगळंच ट्रस्टमध्ये टाकलेलं बरं! पीओडी, प्रोबेट, कटकटच नको.

गुळपोळी
असहमत. दोन सज्ञान मुलं, सरळ वाटणी आणि दोन-तीन सीडी असतील तर पीओडी फुकट आणि पुरेसं. ट्रस्टला वकिलाची फी आहे, आणि सीडी ट्रस्टच्या नावावर करून घ्यायला लोक विसरतात. दस्त कपाटात, सीडी जुन्याच नावावर. मग ती प्रोबेटमधून फिरून ट्रस्टमध्ये येते, म्हणजे दोन्ही खर्च. नाव बदलताना 'ही जुनी मोडून नवी उघडावी लागेल' असं बँक म्हणत असेल तर मुदत संपण्याची वाट पाहा, नाहीतर दंड.

हिशेबनीस
दोघांचंही थोडं थोडं बरोबर. ट्रस्टचा खरा उपयोग मृत्यूपेक्षा आजारपणात. ठेवीदाराला विस्मरण झालं तर उत्तराधिकारी विश्वस्त सीडी सांभाळू शकतो. पीओडीवरच्या माणसाला ठेवीदार जिवंत असेपर्यंत काडीचा अधिकार नाही. लाभार्थी अज्ञान असेल, किंवा पैसे वर्षावर्षाने द्यायचे असतील, तरीही ट्रस्ट.

अवांतर : पीओडीचा पूर्वज म्हणजे टॉटन ट्रस्ट. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९०४ साली मान्य केलेला. जुन्या पासबुकांवर 'इन ट्रस्ट फॉर' लिहिलेलं दिसतं ते हेच. बँकेतला मुलगा गोंधळून ट्रस्टचा दस्त मागतो, पण दस्त नसतोच.

फिरकीवाला
म्हणजे विश्वास होता, कागद नव्हता. आमच्या वाड्याच्या वाटणीसारखं.

कर्कोटक
विम्याचा मुद्दा राहतोय. एफडीआयसीचे, म्हणजे बँक ठेवींचा विमा देणाऱ्या सरकारी संस्थेचे, नियम १ एप्रिल २०२४ पासून बदललेत. पीओडी आणि ट्रस्टची खाती आता एकाच प्रकारात मोजतात. प्रत्येक लाभार्थ्यामागे २,५०,०००, जास्तीत जास्त पाच लाभार्थी, म्हणजे एका मालकाला एका बँकेत १२,५०,००० ची मर्यादा. नवरा-बायकोचा ट्रस्ट आणि दोन मुलं असतील तर १० लाख. दोघांतलं एक गेलं की ५ लाख, पण लगेच नाही. मालकाच्या मृत्यूनंतर सहा महिने जुनंच संरक्षण धरतात, तेवढ्यात पैसे दुसऱ्या बँकेत हलवायचे. लाभार्थी वारला तर मात्र ही सवलत नाही, त्याच दिवशी मर्यादा खाली येते.

इस्टेटीच्या खात्याला वारस कितीही असोत, २,५०,००० च. चार बँकांतल्या सीडी मोडून सगळे पैसे एका इस्टेट खात्यात ओतणारा एक्झिक्युटर ही मर्यादा सहज ओलांडतो.

ओंजळ
पुण्याच्या मुलीचं सांगा कुणीतरी. आणि 'ड' पण.

सदाशिवपेठी
भारतात इस्टेट ड्युटी १९८५ मध्येच गेली. वारशाने आलेल्या रकमेवर प्राप्तिकर नाही. परदेशी रहिवाशाकडून वारशाने आलेली परदेशी मालमत्ता फेमाखाली, म्हणजे परकीय चलन कायद्याखाली, तिकडेच ठेवताही येते. पण ठेवली तर विवरणपत्रातल्या शेड्यूल एफएमध्ये दाखवावी लागते आणि तिच्यावरचं पुढचं व्याज भारतात करपात्र. एका सीडीसाठी हा व्याप बहुतेकांना झेपत नाही, पैसे आणलेले सोपे.

आणताना डॉलरचा चेक मागवू नका. इथे वटायला आठवडे जातात आणि काही शाखा घेतच नाहीत. वायरच, म्हणजे थेट खात्यात हस्तांतर, मागा. बँकेकडून आलेल्या रकमेचं प्रमाणपत्र घ्या आणि मृत्युपत्राच्या प्रतीसोबत ठेवा. चार वर्षांनी नोटीस आली तर 'ही रक्कम कसली' याचं उत्तर त्यात असतं.

कर्कोटक
अमेरिकेच्या बाजूने : मुलगी अनिवासी परदेशी, म्हणून तिने तसं सांगणारा डब्ल्यू-८बेन फॉर्म द्यायचा, त्यात परदेशी कर क्रमांक म्हणून पॅन. तिला मिळणारं साधं बँक व्याज अमेरिकेत करमुक्त असतं. हा फॉर्म दिला नाही की कपात होते आणि परतावा मिळवताना दमछाक. इस्टेटीचं उत्पन्न ६०० डॉलरच्या खाली असेल तर एरवी १०४१ लागत नाही, पण लाभार्थ्यांत एकही अनिवासी परदेशी असला की लागतोच. टेक्सासचे बरेच भाऊ हे विसरतात. तात्या, तुम्हाला नाही म्हणत.

'ड' बद्दल : पत्नी आधी गेली आणि दुसरं नाव नाही, तर आयआरएच्या करारातला ठरलेला क्रम लागतो. कुठे मुलं, कुठे थेट इस्टेट. मुलं असतील तर २०१९ च्या सिक्युअर कायद्याप्रमाणे दहाव्या वर्षाअखेर सगळं काढायचं. वडील ७८ चे, त्यांची सक्तीची वार्षिक उचल सुरू झालेली, म्हणून मधल्या वर्षांतही दरवर्षी काढायचं. इस्टेटीकडे गेली तर वडिलांच्या उरलेल्या आयुर्मानावर. कर खात्याच्या आयुर्मान तक्त्यात ७८ ला १२.६ वर्षं आहेत, पुढच्या वर्षी एक वजा करून ११.६. म्हणजे गंमत अशी की लाभार्थी नसताना मुदत जास्त मिळते, जर तोवर इस्टेट उघडी ठेवता येत असेल तर. मुलीच्या हिश्शावर सहसा ३० टक्के कापून घेतात, कारण आयआरएतली उचल हे बँक व्याज धरत नाहीत. आणि सीडी आयआरएच्या आत मोडणं वेगळं, आयआरएतून पैसे काढणं वेगळं. पहिल्याला कर नाही. दोन्ही एका फॉर्मवर एकदम करून टाकलं की पूर्ण ६०,००० एका वर्षाचं उत्पन्न.

टेक्सासचा_तात्या
टेक्सासच्या भावाने नोंद घेतली आहे. 😀

ओंजळ
खूप मिळालं. मूळ प्रश्नातला शेवटचा भाग राहिला : पहिलं काम कोणतं? मुलगा विमानाने आला, हातात मृत्यूचा दाखला आहे, आता कुठे जायचं?

एडिसन_स्टेशन
दाखल्याच्या आठ-दहा प्रमाणित प्रती आधी. झेरॉक्स कुणी घेत नाही. मग चारही ठिकाणी फोन : मृत्यू कळवायचा, ऑटो-रिन्यू थांबवायचं आणि शीर्षक कसं आहे ते लेखी मागायचं. हे प्रोबेटच्या आधी करता येतं.

मग काउंटीच्या सरोगेट कोर्टात, म्हणजे प्रोबेट करणाऱ्या कोर्टात, मूळ मृत्युपत्र. न्यू जर्सीत निधनानंतर दहा दिवस संपल्याशिवाय ते दाखल करून घेत नाहीत, पण कागद आधी देता येतात. तिथे एक्झिक्युटरचे छोटे दाखले मिळतात, प्रत्येक बँकेसाठी एक आणि वर दोन घ्या. काही बँका जुने झालेले दाखले नाकारतात, म्हणून सगळे एकदम वाटू नका. नंतर ईआयएन, इस्टेट खातं, 'अ' साठी एल-८.

'ब' ला कोर्ट लागत नाही. तिघांनी दाखला आणि ओळखपत्र घेऊन जायचं. मुलगी पुण्यातून कागद पाठवणार असेल तर आधी बँकेला विचारा : स्थानिक नोटरी आणि अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का) चालेल की मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत सही हवी? चुकीच्या प्रकारचं आणलं की महिना गेला. ब्रोकर कधीकधी सहीची हमी देणारा मेडॅलियन शिक्का मागतात. तो वकिलातीत मिळत नाही, म्हणून 'क' चं काम विश्वस्ताने तिकडेच उरकून मुलीला फक्त रक्कम पाठवावी.

गुळपोळी
आणि बँकेच्या लॉकरमध्ये पाहा. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या सीडीचा खरोखरचा कागद मिळू शकतो. यादीत नसलेली पाचवी.

ओंजळ
पण त्या कागदावरची बँकच आता नसेल तर?

रातराणी
एफडीआयसीच्या संकेतस्थळावर बँकेचं जुनं नाव टाकलं की ती कुणात विलीन झाली ते दिसतं. त्या बँकेला विचारायचं. त्यांच्या नोंदीत नसेल तर राज्याच्या बेवारस मालमत्ता विभागात शोधा. मुदत संपून काही वर्षं कुणी हालचाल केली नाही की बँक रक्कम राज्याकडे जमा करते, बऱ्याच राज्यांत तीन ते पाच वर्षांत. शोध फुकट असतो, 'आम्ही शोधून देतो, इतके टक्के द्या' म्हणणाऱ्यांना देऊ नका. वडिलांचे जुने पत्ते ज्या ज्या राज्यांतले असतील त्या सगळ्या राज्यांत बघा, आणि आडनावाची सगळी स्पेलिंगं टाकून. आपल्या आडनावांची तिकडे काय काय रूपं होतात ते माहीतच आहे.

फिरकीवाला
'कुलकर्णी'ला किमान सहा शोध धरा.